माळ घातली, पोळ्याला सुटली: आता केंद्र, बाबा की पुन्हा भजन?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही दिसेल. भाऊ ३४ वर्षांचा. गंगाखेड तालुक्यात शेती, जोडीला पिकअप चालवतो. सात-आठ वर्षं रोज देशी. यंदा आषाढीला पंढरपुरात माळ घातली आणि पोळ्यापर्यंत थेंबाला शिवला नाही. पोळ्याच्या संध्याकाळी बैल मिरवून झाल्यावर जुन्या मित्रांत बसला. तेव्हापासून माळ देवघरातल्या खुंटीला आणि तो पुन्हा होता तिथं. गावातले महाराज म्हणतात, यानं माळेचा खेळ मांडला, मी परत घालणार नाही. आई एका बाबाकडे शपथ घालायला नेऊ म्हणतेय. तुमचे यजमान म्हणतात केंद्रात टाका. आणि तुम्ही विचारताय, देवाधर्मानं दारू खरंच सुटते का, की ही आपली समजूत?

मदत होते, आणि चांगली होते. पण ती माळेच्या मागून जी माणसं येतात त्यांची असते. तुमच्या भावाच्या गळ्यात माळ आली आणि माणसं आलीच नाहीत, असं तुमच्या लिहिण्यावरून मला वाटतंय. पंढरपूरहून आल्यावर तो हरिपाठाला जात होता का, संध्याकाळी कोणात बसत होता, याबद्दल तुमच्या एवढ्या मोठ्या मजकुरात एक ओळही नाही. पोळ्याला त्याचा संकल्प मोडला असं घरचे म्हणतात. मला वाटतं, सात आठवडे तो एकटाच नेट लावून उभा होता, आणि पोळ्याला त्याला विचारायला आलेली पहिली माणसं पिणारी निघाली.

मी मराठवाड्यातल्या एका व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक आहे. स्वतः माळकरी नाही. हरिपाठ कानावर पडत मोठा झालो, एवढंच. त्यामुळे पुढचं जे लिहितो ते भक्तीच्या बाजूनं किंवा विरोधात नाही, आमच्याकडे येणाऱ्या माणसांचं पुढे काय होतं ते बघून लिहितोय.

आधी शरीराचं. रोज पिणाऱ्यानं एकदम बंद केली की सहा-आठ तासांत हात थरथरायला लागतात, घाम फुटतो, मळमळतं, झोप उडते. पहिल्या ४८ तासांत काहींना फिट येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींचं भान सुटतं. भिंतीवर साप दिसतात, अंगावर किडे चालल्यासारखं करून माणूस कपडे झटकत राहतो, समोर नसलेल्या माणसाशी बोलतो. आपल्याकडे याला सरळ 'बाहेरचं झालंय' म्हणतात. शपथ घेऊन दोन-तीन दिवसच झालेले असतात, त्यामुळे घरच्यांना वाटतं देवाचा कोप झाला, आणि गाडी दवाखान्याकडे वळायच्या ऐवजी पुन्हा त्याच बाबाच्या दारात जाते. डॉक्टर याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. वेळेवर उपचार नाही मिळाले तर यात माणूस दगावतो.

सगळ्यांना असं होत नाही. किती पितो, किती वर्षं, सकाळी तोंड धुवायच्या आधी लागते का, पूर्वी कधी फिट आली होती का, कावीळ झाली होती का, यावर ते अवलंबून असतं. मागच्या वेळी सोडली तेव्हा काही झालं नाही म्हणून या वेळी होणार नाही, असंही धरून चालू नका. सोडणं आणि पुन्हा धरणं असं वारंवार झालं की पुढचा त्रास आधीपेक्षा जास्त होऊ शकतो. म्हणून पहिला आठवडा डॉक्टरच्या नजरेखाली काढायचा. परभणीचं जिल्हा रुग्णालय आहे, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथल्या मानसोपचार विभागात दाखवा. थरथर आणि फिट रोखणाऱ्या गोळ्या तिथं मोजून देतात आणि काही दिवसांत कमी करत नेतात. गावातल्या दवाखान्यात नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावून आणू नका. रोज पिणाऱ्याच्या अंगात थायामिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, खूप कमी झालेलं असतं. ते आधी न देता ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. डॉक्टरांना तो रोज पितो हे स्पष्ट सांगा. लाजेपायी 'अशक्तपणा आलाय' एवढंच सांगणारे नातेवाईक मी नेहमी बघतो.

आईच्या बाबाचं काय करायचं? आईशी भांडू नका. आधी दवाखाना, आठवड्यानं बाबा, एवढाच क्रम ठेवा. शपथ घेतल्यानं एखाद्याला बळ येत असेल तर येऊ द्या. पण तिथं कसलं औषध पाजत असतील, मारत असतील, साखळीनं बांधून ठेवत असतील तर पायरीही चढू नका. मारहाणीच्या असल्या प्रकारांना महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं मनोरुग्णाला साखळदंड घालायला बंदी आहे. व्यसनी माणूसही त्या कायद्यात येतो.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे. दारूच्या माणसाचा दिवस बघा. सकाळ कशीबशी जाते, दुपार कामात जाते. अडचण संध्याकाळी सहा ते नऊची. हाच वेळ फाट्यावर जायचा, तोच चारचौघांत बसायचा, तोच दिवसाचा हिशेब आणि राग बाहेर काढायचा. दारू काढून घेतली की हे तीन तास रिकामे पडतात, आणि बायको-पोरांसोबत रोज तीन तास बसायची त्याला सवयच राहिलेली नसते. गावात हरिपाठ नेमका याच वेळेला असतो. बाकी सगळं सोडा, केवळ घड्याळाच्या हिशेबानं बघितलं तरी ही फार मोठी सोय आहे. रोज, फुकट, घरापासून पाच मिनिटांवर, आणि कोणी दारू पुढं करणार नाही अशी जागा खेडेगावात दुसरी दाखवा मला.

दुसरी गोष्ट, तिथं हाताला काम मिळतं. टाळ धरायचा, सतरंजी अंथरायची, स्पीकरची वायर जोडायची. आमच्याकडून गेलेल्या एका शिंप्याला त्याच्या गावच्या मंडळींनी सप्त्यात पहाऱ्याला लावलं होतं. तुम्हाला माहीत असेलच, सप्त्याचे सातही दिवस वीणा खाली ठेवत नाहीत, गळ्यात घेऊन कुणीतरी उभं राहतं आणि पहाऱ्याची यादी देवळाच्या खांबाला चिकटवलेली असते. रात्री दोन ते चार हा पहारा कुणालाच नको असतो. याला झोप येतच नव्हती, दारू सुटल्यावर पहिले काही आठवडे येत नाही. म्हातारा विणेकरी त्याला म्हणाला, "तुला झोप नाही, आम्हाला माणूस नाही. ये दोन वाजता." पहिल्या रात्री त्याचे हात एवढे थरथरत होते की वीणा खांबावर वाजायला लागली. म्हाताऱ्यानं ती काढून घेतली नाही, त्याच्या मागं घोंगडी टाकून बसून राहिला. "तू नुसता उभा ऱ्हाय. पडलास तर मी हाय." तिसऱ्या दिवशी तो चार वाजता पहारा बदलून तसाच काकड्याला थांबला.

मला यातला भक्तिभाव मोजता येत नाही. पण मला एवढं दिसलं, की त्या माणसाला बऱ्याच काळानं कुणीतरी एखाद्या कामासाठी मोजत होतं, आणि तो नाही आला तर दोन वाजता यादीत भोक पडणार होतं. तिसरी गोष्ट हीच. ज्या मंडळात "काल काहून नाही आला रे?" असं विचारणारा एक तरी माणूस आहे, ते मंडळ उपयोगाचं. जिथं पन्नास जण येतात आणि कोण आलं नाही हे कुणाच्या लक्षात येत नाही, तिथं भजन गोड असेल, पण तुमच्या भावाला त्याचा फारसा फायदा नाही.

हे माझंच मत नाही. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे ए. ए., ही चळवळ १९३५ मध्ये अमेरिकेत अॅक्रन गावी एक शेअर दलाल आणि एक शस्त्रवैद्य अशा दोन पिणाऱ्यांनी सुरू केली. तिचं मूळ ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या ख्रिस्ती मंडळीत. पुढे त्यांनी देवाचा आग्रह सैल केला, ज्याला जसा उमजेल तसा देव, म्हणून ती सगळ्या धर्मांत पसरली. २०२० मध्ये कॉक्रेन या, वैद्यकीय अभ्यास गोळा करून तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं २७ अभ्यास, दहा हजारांवर माणसं, एकत्र तपासली. दारू पूर्ण बंद ठेवण्याच्या बाबतीत ए. ए. आणि त्याकडे वळवणारे उपचार इतर प्रस्थापित समुपदेशनापेक्षा सरस निघाले. ते का चालतात हे शोधणाऱ्यांना मोठं कारण सापडलं ते संगतीचं: पिणारे मित्र कमी झाले, न पिणारे वाढले. श्रद्धेचाही वाटा दिसला, तो फार पिणाऱ्यांत जास्त. हे अभ्यास भजनी मंडळांवर झालेले नाहीत हे खरं, आणि दोन्हींत एक मोठा फरक आहे. ए. ए. च्या बैठकीत माणूस उठून सांगतो की मी काल प्यालो, आणि बाकीचे म्हणतात, बरं झालं आलास. आपल्या मंडळात असं सांगायची सोय नाही. तिथं प्यालेला माणूस येतच नाही.

तुमच्या भावाचं घोडं इथंच अडलंय. माळेचा नियम कडक आहे. मद्य-मांस वर्ज्य, एकादशी, पंढरीची वारी. नियम कडक असण्याला माझी हरकत नाही, कित्येकांना त्या कडकपणाचाच आधार होतो, "माळ आहे" एवढं म्हटलं की लग्नाच्या पंगतीतही कुणी ग्लास पुढं करत नाही. पण व्यसनात पहिल्या वर्षी एखादेवेळी घसरणं हे अपवादानं होत नाही, नेहमी होतं. अशा वेळी माणूस म्हणतो, आता माळच भंगली, मग एक काय आणि दहा काय. एका संध्याकाळचं पिणं तीन महिन्यांचं होतं ते या विचारानं. माळ खुंटीला अडकवून प्यायला जाणारे आणि सकाळी अंघोळ करून परत घालणारेही मी बघितलेत. लोक त्यांना ढोंगी म्हणतात. मला त्यांच्याबद्दल जरा आशा वाटते, कारण त्यांनी खुंटी तरी सोडलेली नसते.

म्हणून महाराजांकडे माळ मागायला जाऊ नका. त्यांचा राग मला समजतो, माळेचा मान राखणं त्यांचं काम आहे. त्यांना एवढंच म्हणा, की माळ राहू द्या, वर्षभर राहू द्या, पण याला हरिपाठाला बसू द्याल का? आणि हा प्यायला तर दुसऱ्या दिवशी याच्या घरी कोण येईल? दुसऱ्या प्रश्नाला एखाद्या माणसाचं नाव मिळालं, तर ते मंडळ धरून ठेवा. महाराज अगदीच अडून बसले तर कीर्तनातल्या अजामेळाची आठवण करून द्यायला हरकत नाही. दर सप्त्यात अजामेळ उद्धरतो, वाल्याचा वाल्मीकी होतो, गावातल्या वाल्याला मात्र टाळ द्यायला आपण तयार नसतो. हे हसत हसत म्हणा, वाद घालू नका. तरी नाहीच म्हणाले तर शेजारच्या गावचं मंडळ बघा. पाच-सहा किलोमीटरवर त्याला कुणी 'पोळ्याला प्यालेला' म्हणून ओळखत नाही, हाही फायदाच.

मंडळ निवडताना डोळे उघडे ठेवा. सप्त्याच्या पत्रिकेवर अन्नदात्यांच्या यादीत परमिट रूमवाल्याचं नाव मी वाचलेलं आहे. काल्याचं कीर्तन झालं, महाप्रसाद आटोपला की त्याच रात्री मांडववाल्या पोरांची 'बैठक' बसते, हेही अनेक गावांत चालतं. सप्ता संपल्याची ती रात्र नव्यानं सोडलेल्या माणसाला फार वाईट, तसाच वारीहून परतल्यावरचा पहिला पंधरवडा. पंढरीला सोबत असते, घरी आल्यावर नसते. शिवाय तंबाखू. पखवाजवाला, टाळकरी, सगळ्यांच्या गालात असते आणि माळेला ती चालते असं धरलं जातं. पहिल्या महिन्यात मी तंबाखूवरून कुणाला अडवत नाही, एका वेळी एकच लढाई. पण चिलीम ओढणाऱ्या साधूंच्या संगतीत बसून दारू सोडणारा माणूस फक्त दुकान बदलतो.

एकादशीचं एक सांगायचं राहिलं. पहिले दोन-तीन महिने निर्जळी उपवास नको. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार वेळांना तलफ सगळ्यात जोरात येते, आणि उपाशीपोटी यातल्या दोन तर नक्की भेटतात. भगर, शेंगदाणे, केळं खाऊन एकादशी करू द्या. हे मंडळातल्या एखाद्या जाणत्याकडून त्याला सांगवलंत तर तो ऐकेल, तुम्ही सांगितलं तर त्याला ते खोटं वाटेल.

यजमानांचं म्हणणं केंद्राचं. केंद्राचा उपयोग आहे, मी स्वतः तिथंच काम करतो. पण 'टाका' या शब्दाला माझा विरोध आहे. गाडीत कोंबून आणलेला माणूस तिथं दिवस मोजतो आणि सुटल्यावर तुमच्यावरचा राग दारूत काढतो. तो स्वतः तयार असेल तर नोंदणी असलेलं, डॉक्टर येणारं आणि घरच्यांनाही बोलावणारं केंद्र बघा. तुम्ही पुण्यात राहता, तिथं डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं मुक्तांगण आहे, तिथं जाऊन चौकशी करणं तुम्हाला सोपं पडेल. मात्र केंद्रातून सुटल्यावर तो त्याच फाट्यावर उतरणार आहे. उतरवून घ्यायला मंडळातला माणूस आला पाहिजे, ही सोय तो केंद्रात असतानाच करून ठेवायची.

डॉक्टर तलफ कमी करणारी औषधंही देतात, नाल्ट्रेक्सोन, अकाम्प्रोसेट वगैरे, लिव्हर बघून. औषध घेतलं म्हणजे श्रद्धा कमी पडली असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. डायसल्फिराम नावाची गोळी असते, ती घेऊन प्यायलं की उलट्या, छातीत धडधड, कधी रक्तदाब एकदम खाली. ती प्रसादात किंवा भाजीत कालवून गुपचूप देणारी घरं आहेत. असं अजिबात करू नका. त्याला माहीत नसताना तो प्यायला तर जिवावर बेतू शकतं, आणि कळलं तर तुमच्या हातचा प्रसाद तो पुन्हा खाणार नाही.

वारकरी मंडळाचंच एवढं लिहिलं, कारण तुमचं घर तसं आहे. आमच्याकडे येणाऱ्या बौद्ध घरांतल्या माणसांना मी वर्षावासाची वाट दाखवतो. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं, मद्य न घेण्याचं पाचवं शील आहेच, बाबासाहेबांच्या २२ प्रतिज्ञांतही ते आहे. रमजानच्या महिन्यात सोडलेली दारू ईदनंतर टिकवायला मशिदीतला एखादा बुजुर्ग लागतो. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात लंगरच्या सेवेला लागून सावरलेले मला माहीत आहेत. आणि भावाचा देवावर विश्वासच नसेल तर जबरदस्तीनं टाळ हातात देऊ नका. ए. ए. ची बैठक, कुस्तीची तालीम, गावातली नाटकमंडळी, काहीही चालेल, संध्याकाळी सहाला सुरू होणारं आणि रोजचं असलं म्हणजे झालं.

तुमच्या भावजयीबद्दल तुम्ही फक्त एवढंच लिहिलंय की ती 'सहन करते'. मंडळातली माणसं कधी कधी तिलाच उपदेश करतात, नवरा आहे, सांभाळून घे, नाम घे. तो हात उगारत असेल तर हा उपदेश मोडून काढा. तिनं लेकरांना घेऊन माहेरी किंवा तुमच्याकडे यायचं, १८१ या महिला हेल्पलाइनवर बोलायचं, आणि त्यामुळे त्याची दारू वाढेल का याची काळजी तिनं करायची नाही.

पुढच्या दोन महिन्यांचं बोलायचं तर, सोयाबीन निघालं की घरात एकरकमी पैसा येईल आणि मागोमाग दिवाळी. त्याच्या पिण्याच्या दृष्टीनं वर्षातला सगळ्यात अवघड काळ हा. सोयाबीनचा पैसा भावजयीच्या किंवा आईच्या खात्यावर घ्यायचं त्याच्याशी आधीच, तो शुद्धीत असताना, सकाळी बोलून ठरवा. दसऱ्याच्या आत डॉक्टर झाला पाहिजे. सल्ल्यासाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलतात. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ वेगळा आहे.

आणि दोन गोष्टी मला कळवा, म्हणजे पुढचं नेमकं सांगता येईल. आषाढीला सोडली तेव्हा पहिल्या तीन-चार दिवसांत त्याला काय काय झालं होतं, फिट किंवा बडबड? आणि हल्ली सकाळी उठल्यावर चहाच्या आधी लागते का? दुसऱ्याचं उत्तर हो असेल तर माझ्या उत्तराची वाट बघू नका, उद्याच्या उद्या परभणीला किंवा अंबाजोगाईला न्या.